दर्यावरील रखवालदार आणि त्याचा कागद

१. प्रास्ताविक

भुकूम हें मुळशी तालुक्यांतील आमचें गांव. पुण्याहून पौडास जाणाऱ्या रस्त्यावर तें आहे. तोच रस्ता पुढें मुळशीवरून ताम्हिणी घाटानें कोंकणांत माणगांवाकडे उतरतो. गांवास समुद्राचा वाराहि लागत नाहीं. अशा ठिकाणीं बसून दर्यावरील रखवालीविषयीं लिहिण्याचें कारण प्रथम सांगितलें पाहिजे.

आमच्याजवळ शाळेंत संस्कृत शिकलेला एक विद्यार्थी पुढें व्यापारी जहाजावर अधिकारी झाला. मध्यंतरीं तो भेटीस आला असतां, आमच्याकडील जुन्या कागदांचीं रुमालें पाहून त्यानें एक हकीकत सांगितली. इ. स. २०१२-१३ च्या सुमारास एडनच्या आखातांतून जातांना त्याच्या जहाजावर चार बंदूकधारी रक्षक घेतले जात. ते कोणत्याहि सरकारचे शिपाई नव्हते. एका खासगी कंपनीचे पगारी नोकर होते. त्या कंपनीजवळ एक प्रमाणपत्र असे आणि त्याची नकल जहाजाच्या दप्तरीं ठेवलेली असे. "गुरुजी, त्या कागदाच्या भरंवशावर आम्ही रात्रीं निजत होतों," तो म्हणाला. "परंतु तो देणारा कोण, आणि रक्षकानेंच कांहीं भलतें केलें तर जाब कोणास पुसावयाचा, हें मला शेवटपर्यंत उमगलें नाहीं. आपल्या ह्या जुन्या कागदांत असें कांहीं सांपडतें काय ?"

त्यावेळीं आम्हीं त्यास तुटक उत्तर दिलें. पुढें विचार करतां असें दिसून आलें कीं, हा प्रश्न नवा नाहीं. कौल, दस्तक, मुचलका, सनद हे शब्द आमच्या वाचकांच्या नित्य परिचयाचे आहेत. ह्या कागदांपैकीं पुष्कळांचा जन्म ह्याच प्रश्नांतून झाला आहे. रखवालीचा कोणताहि कागद पारखतांना तीन गोष्टी पुसाव्या लागतात. तो दिला कोणीं ? रखवालदाराचें पोट कशावर चालतें ? आणि त्याच्या अपराधाचा जबाबदार कोण ? ह्या तीन कसोट्यांवर जुने व नवे कागद घासून पाहणें, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. शास्त्रग्रंथांतील आधार

दर्यावरील भय व त्याचा मोबदला हीं आमच्या धर्मशास्त्रकारांस पुरतीं ठाऊक होतीं. अरण्यांतून जाणाऱ्या ऋणकोनें शेंकडा दहा आणि समुद्रावर जाणाऱ्यानें शेंकडा वीस व्याज द्यावें, असें याज्ञवल्क्यानें व्यवहाराध्यायांत सांगितलें आहे. आजचे विमेवाले धोक्याच्या पाण्यांतून जाणाऱ्या जहाजाकडून जादा हप्ता घेतात, त्याचें मूळ तत्त्व हेंच होय. नावाड्यांच्या दोषानें माल बुडाल्यास तो नावाड्यांनीं मिळून भरून द्यावा, दैवानें बुडाल्यास त्यांजवर दंड नाहीं, असा भेद मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत केलेला आहे.

कौटिल्याचा नावध्यक्ष ह्याहून पुढें जातो. चांचेपणा करणाऱ्या नौकांस कौटिल्य ‘हिंस्रिका’ म्हणतो व त्यांचा नाश करण्याचा अधिकार नावध्यक्षास देतो. वाऱ्यानें भरकटून आलेल्या नौकेवर त्यानें पित्याप्रमाणें अनुग्रह करावा आणि पाण्यानें बिघडलेल्या मालावर जकात माफ किंवा निम्मी करावी, असेंहि त्याच अध्यायांत आहे. परंतु आमच्या विषयास सर्वांत उपयोगी नियम निराळाच आहे. माणसें किंवा साधनें अपुरीं असल्यामुळें, अथवा दुरुस्ती न झाल्यामुळें नाव बुडाली, तर गेलेला माल नावध्यक्षानें भरून द्यावा. म्हणजे नाव सोडण्यास ज्यानें मोकळीक दिली, तोच तिच्या अपुरेपणाचा जबाबदार. प्रमाणपत्र देणारा व हानि सोसणारा हे एकाच दोरीनें बांधलेले आहेत. ही दोरी पुढें कोठें कोठें तुटली, तें पाहावयाचें आहे.

व्यापाऱ्यांस राजानें लेखी अभय दिल्याचें एक ठळक उदाहरण आंध्र किनाऱ्यावरील मोटुपल्लीच्या शिलालेखांत आहे. काकतीय गणपतिदेवाचा हा लेख इ. स. १२४४-४५ मधील आहे. तुफानांत सांपडून किनाऱ्यास लागलेल्या जहाजांवरील माल पूर्वीचे राजे हरण करीत. आपण तसें न करितां ठरलेली जकात तेवढी घेऊं, असें त्यांत देशोदेशींच्या व्यापाऱ्यांस आश्वासन आहे. हें अभयपत्र दगडावर कोरून बंदरांत उभें केलें होतें. तें प्रत्येक नाखव्यास वाचतां येई आणि त्यावरून राजास जाब पुसतां येई. पुढील काळांतील कागदांत नेमका हाच गुण उणा पडत गेला.

३. फिरंग्यांचा कार्ताज

इ. स. १५०२ पासून पश्चिम समुद्रांत पोर्तुगेजांनीं निराळा प्रकार सुरू केला. अरबी समुद्रांत फिरणाऱ्या प्रत्येक देशी जहाजानें त्यांचा परवाना घ्यावा, न घेतल्यास तें जहाज लुटीस पात्र, असा हा दंडक होता. त्या परवान्यास ‘कार्ताज’ म्हणत. त्यांत जहाजाचें व नाखुद्याचें नांव, वजन, माणसें, हत्यारें, निघण्याचें व जाण्याचें बंदर नमूद केलेलें असे. काळी मिरी वगैरे फिरंग्यांनीं आपल्या मक्त्यांत ठेवलेला माल नेण्याची मनाई असे. फिरंगी ठाण्यावर थांबून जकात देण्याची अटहि असे. लेखनाच्या दृष्टीनें पाहिलें तर हा फार काळजीपूर्वक केलेला कागद होता.

तथापि पहिल्या कसोटीसच तो उतरत नाहीं. ज्याचें भय, त्याचाच अभयपत्र. पोर्तुगेजांचें आरमार येण्यापूर्वीं ह्या समुद्रांत असा परवाना कोणी मागत नव्हतें. त्यामुळें ह्या कागदानें मुख्यत्वें संरक्षण होई तें तो देणाऱ्यापासूनच. त्यावर येशू व मरियम ह्यांच्या प्रतिमा असल्यामुळें, असा कागद घेऊन समुद्रमार्गें मक्केस जाणें अवश्य आहे काय, असा वाद अकबराच्या काळीं मुसलमान शास्त्र्यांत माजला होता. बदायुनीनें त्याची नोंद करून ठेवली आहे.

बरें, कागद घेतल्यावर तरी निश्चिति होती काय ? इ. स. १६१३ मध्यें जहांगीर बादशहाच्या मातोश्रीचें ‘रहिमी’ नांवाचें मोठें जहाज पोर्तुगेजांनीं सुरतेजवळ पकडलें. त्याजवळ कार्ताज होता. बादशहाच्या आईच्या जहाजाची ही गति, तर सामान्य सावकाराची काय कथा ! बादशहानें दमणेस वेढा घालविला आणि आपल्या मुलखांतील फिरंग्यांचा व्यापार बंद केला. जाब पुसावयास बादशहा होता म्हणून एवढें झालें. ज्याच्या पाठीशीं बादशहा नव्हता, त्याचा कार्ताज बुडाला तर त्याची फिर्याद लिहून घेणाराहि कोणी नव्हता.

४. आंगऱ्यांचें दस्तक आणि ‘चांचे’ हा शब्द

मराठ्यांच्या आरमाराचा पाया शिवछत्रपतींनीं कल्याण-भिवंडीकडे घातला. पुढें सरखेल कान्होजी आंगरे ह्यांच्या कारकीर्दींत कोंकण किनाऱ्यावर मराठ्यांच्या दस्तकाचा अंमल बसला. सावकारी तारवांनीं सरखेलांचें दस्तक घ्यावें, घेतल्यास त्यांस उपद्रव होणार नाहीं, ही ती पद्धति. फिरंग्यांचा कार्ताज, इंग्रजांचा पास आणि आंगऱ्यांचें दस्तक हे तीन कागद एकाच पाण्यांत एकाच वेळीं चालत होते. तेव्हां एकाचा कागद घेतलेलें जहाज दुसऱ्याच्या दृष्टीनें बेवारशी ठरे.

इंग्रजांनीं कान्होजीस ‘चांचा’ म्हटलें व त्यांच्या ग्रंथांतून तो शब्द आमच्या शाळांतील पुस्तकांतहि कांहीं काळ शिरला. त्या तंट्याचें मूळ पाहिलें तर तें कागदाचें आहे. इ. स. १७१३ त उभयतांचा करार झाला व कंपनीच्या स्वतःच्या जहाजांस अडथळा करावयाचा नाहीं असें ठरलें. परंतु इंग्रजी निशाण लावून देशी सावकारांचा खासगी माल वाहणाऱ्या जहाजांचें काय, हा प्रश्न उरला. कान्होजीचें म्हणणें, अशा मालास आमचें दस्तक पाहिजे. इंग्रजांचें म्हणणें, आमचा पास पुरे. ह्यावरून पुन्हां बिघाड झाला. मुंबईचा गव्हर्नर बून ह्यानें इ. स. १७१८ त खांदेरीवर आणि १७२१ त पोर्तुगेजांसह कुलाब्यावर मोहीम केली, दोन्ही फसल्या. कान्होजी इ. स. १७२९ त वारला, तोंवर त्याचें दस्तक समुद्रावर चालत होतें.

ह्यावरून आमच्या वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ‘चांचा’ हें नांव त्या काळीं कृत्यावरून जितकें ठरे, तितकेंच कोणाचा कागद कोणी मानला नाहीं ह्यावरूनहि ठरे. म्हणून जुन्या पत्रांत हा शब्द आढळल्यास, लिहिणारा कोण व त्याच्या हातचा परवाना कोणता, हें प्रथम पाहावें.

५. आज्ञापत्रांतील एक सूक्ष्म नियम

दुसरी कसोटी रखवालदाराच्या पोटाची. ह्याविषयीं रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवें प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रांत, इ. स. १७१५ च्या सुमारास, एक असा विचार मांडलेला आहे कीं, तो वाचून आम्ही प्रत्येक वेळीं थक्क होतों. आरमाराच्या खर्चाची नेमणूक मुलखांत तनखा लावून द्यावी. समुद्रावरील पैदास्तीवर आरमाराची नेमणूक सहसा करूं नये, असें तेथें सांगितलें आहे. कारणहि दिलें आहे. पैदास्तीवर आरमार पोसलें तर सावकारांस उपद्रव होतो, सावकारी बुडते आणि बंदरें ओस पडतात. कौल घेतलेल्या तरांड्यास धक्का लावूं नये. दूरदेशाचें तरांडें कौलावांचून आलें तरी त्यास दिलासा देऊन वागवावें, असाहि त्यांतील आशय आहे.

ह्याचा अर्थ उघड आहे. जो राखणदार आपल्या मिळकतीसाठीं जाणाऱ्या-येणाऱ्यांकडे पाहतो, तो आज ना उद्यां त्यांनाच लुटतो. त्याचें वेतन ठरलेलें असावें आणि तें लुटीशीं बांधलेलें नसावें. मराठ्यांच्या आरमारानें हा नियम सदासर्वदा पाळला असें आम्ही म्हणत नाहीं. पाळला असता तर तो लिहून ठेवण्याची गरजच पडती ना. परंतु रोग ओळखून त्यावर औषध लिहिणारा मनुष्य आमच्याकडे होता, हें खरें.

६. सनदी रखवालदार चांचा होतो

हें औषध न घेतल्यास काय होतें, ह्याचें उदाहरण त्याच पिढींतलें आहे व त्याचा शेवट आमच्या किनाऱ्याजवळच झाला. विल्यम किड नांवाच्या इंग्रज कप्तानास इ. स. १६९६ मध्यें चांच्यांचा व फ्रेंच जहाजांचा समाचार घेण्याची राजाची सनद मिळाली. त्याचें जहाज सरकारी नव्हतें. इंग्लंडांतील कांहीं बड्या सरदारांनीं त्यांत भांडवल घातलें होतें. खलाशांशीं बोली अशी कीं, लूट मिळाली तर वांटा, नाहीं तर पगार नाहीं. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर ही चांच्यांपासून रक्षण करणारी, सरकारनें प्रमाणित केलेली खासगी कंपनीच होती.

इ. स. १६९७ च्या सप्टेंबरांत किड कारवारास आला. चांचे सांपडेनात आणि खलाशी उपाशी. जानेवारी १६९८ त मलबार किनाऱ्याजवळ त्यानें बंगाल्याहून सुरतेकडे जाणारें ‘केदा मर्चंट’ हें मालानें भरलेलें जहाज धरलें. धरण्याची युक्ति ध्यानांत घेण्याजोगी आहे. त्यानें फ्रेंच निशाण चढविलें. त्या काळीं व्यापारी जहाजें निरनिराळ्या राष्ट्रांचे पास बाळगीत व समोर येईल त्याचें निशाण पाहून योग्य तो कागद पुढें करीत. त्याप्रमाणें ह्या जहाजानें फ्रेंच पास पुढें केला, आणि "हें तर शत्रूचें जहाज" असें म्हणून किडनें तें ताब्यांत घेतलें. म्हणजे रक्षणासाठीं घेतलेला कागदच नाशास कारण झाला.

किडला इ. स. १७०१ त लंडनमध्यें फांशीं दिलें. आपल्या बचावासाठीं तो ज्या फ्रेंच पासांचा आधार घेत होता, ते त्यानें आधींच वरिष्ठांच्या स्वाधीन केले होते; चौकशीच्या वेळीं ते पुढें आले नाहींत. विसाव्या शतकाच्या आरंभीं ते इंग्रजी सरकारी दप्तरांतच सांपडले. ते हजर केले असते तर किड सुटताच असें नाहीं. त्याजवर खुनाचाहि आरोप शाबीत झाला होता. तथापि दोन लहान कागद चुकीच्या रुमालांत पडल्यानें मनुष्याच्या बचावाचा आधार कसा नाहींसा होतो, हें संग्राहकांस निराळें सांगणें नको.

७. सुरतेची सनद आणि रखवालदाराचा राजा

इ. स. १६९५ त हेन्री एव्हरी ह्या इंग्रज चांच्यानें मक्केहून परतणारें औरंगजेबाचें ‘गंज-इ-सवाई’ जहाज लुटलें होतें. त्यावर बादशाही अधिकाऱ्यांनीं सुरतेच्या इंग्रज वखारवाल्यांस बेड्या ठोकून कैदेंत घातलें. पुढें किडची बातमी येतांच, १६९८-९९ मध्यें युरोपीय कंपन्यांकडून मुचलके लिहून घेण्यांत आले. तांबड्या समुद्राच्या वाटेची राखण वलंदेजांकडे, इराणी आखाताची फरासिसांकडे आणि दक्षिणेकडील समुद्राची इंग्रजांकडे, अशी वांटणी झाली. ह्या मुचलक्यांत तिसऱ्या कसोटीचें उत्तर स्पष्ट होतें. लूट झाली तर जबाबदार कोण, हें नांवानिशीं लिहिलें होतें आणि जबाबदाराची वखार बादशहाच्या मुठींत होती. म्हणूनच कंपन्यांस हे मुचलके फार जाचत.

बादशाहीचा ह्या किनाऱ्यावरील नेहमींचा रखवालदार जंजिऱ्याचा शिद्दी. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्यास सुरतेच्या उत्पन्नांतून तनखा लावून दिला होता. बादशाहीची मूठ ढिली होतांच तनखाहि ढिला पडला आणि रखवालदार सुरतेच्या राजकारणांत एक पक्षकार होऊन बसला. तेथील किल्लाहि शिद्द्यांच्या हातीं गेला. इ. स. १७५६ त इंग्रजांनीं पेशव्यांच्या साह्यानें विजयदुर्ग घेऊन तुळाजी आंगऱ्याचें आरमार जाळून टाकलें. त्यानंतर तीनच वर्षांनीं, १७५९ त, इंग्रज कंपनीनें शिद्द्याकडून सुरतेचा किल्ला घेतला. किल्लेदारी आणि बादशाही आरमाराची सरदारी अशा दोन्ही सनदा कंपनीच्या नांवें झाल्या, व शिद्द्याच्या तनख्यावर कंपनीचा हक्क बसला.

ह्या सनदेचें महत्त्व आमच्या मतें पुरतें ओळखलें गेलेलें नाहीं. एका खासगी व्यापारी कंपनीस व्यापारी जहाजांच्या रक्षणाचा अधिकार, सरकारी शिक्क्यानिशीं व ठराविक वेतनासह, मिळाल्याचा हा आमच्या किनाऱ्यावरील ठळक दाखला होय. पहिली कसोटी उतरली, कारण कागद बादशहाचा. दुसरी उतरली, कारण वेतन ठरलेलें. फसली ती तिसरी. कंपनीनें अपराध केल्यास तिला जाब पुसण्याचें सामर्थ्य सनद देणाऱ्याच्या अंगीं उरलें नव्हतें. एकेचाळीस वर्षांनीं, इ. स. १८०० त, सुरतेचा सारा कारभारच कंपनीनें आपल्या हातीं घेतला.

८. आजचें प्रमाणपत्र

आतां विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊं. इ. स. २००८ पासून सोमालियाच्या किनाऱ्यावरील चांच्यांनीं एडनच्या आखातांत मोठा उच्छाद मांडला. हळूहळू त्यांचा वावर इतका पसरला कीं, डिसेंबर २०१० त जहाजधंद्यांतील संस्थांनीं धोक्याच्या क्षेत्राची पूर्वसीमा ७८ रेखांशापर्यंत आणली. म्हणजे आमचा सारा कोंकण किनारा त्या हद्दींत आला. सरकारी आरमारें प्रत्येक जहाजास पुरणें शक्य नव्हतें. तेव्हां जहाजवाल्यांनीं खासगी बंदूकधारी नेमण्यास आरंभ केला. मुंबईंत ज्याची कचेरी आहे त्या नौवहन महासंचालनालयानें ऑगस्ट २०११ मध्यें भारतीय जहाजांस असे रक्षक घेण्याची मुभा देणारे नियम काढले.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनें असे रक्षक नेमण्याची शिफारसहि केली नाहीं आणि निषेधहि केला नाहीं. जहाजावर ज्या राष्ट्राचें निशाण, त्या राष्ट्रानें ठरवावें, असें म्हणून तिनें मार्गदर्शक सूचना तेवढ्या दिल्या. खरा कोण व तोतया कोण, हें ओळखण्याचें साधन म्हणून आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनें इ. स. २०१२ त एक तात्पुरतें मानक काढलें व २०१५ त तें कायम केलें. त्याचा क्रमांक २८००७. रक्षकांची पूर्वपीठिका तपासली आहे काय, शिक्षण दिलें आहे काय, हत्यारांचे परवाने व हिशेब नीट आहेत काय, विमा आहे काय, बळाचा वापर पायरीपायरीनें व अगदीं शेवटीं करण्याचा नियम घातला आहे काय, गोळी झाडल्यास लेखी अहवाल होतो काय, आणि जहाजावरील अंतिम अधिकार कप्तानाकडेच राहतो काय, ह्या गोष्टी त्यांत पाहतात.

तपासणारी संस्था रक्षक-कंपनीहून निराळी असते, आणि त्या संस्थेची योग्यता तिसरीच राष्ट्रीय संस्था तपासते. ज्याचें भय त्याचाच अभयपत्र, हा कार्ताजाचा दोष येथें निघून गेला. रक्षकांचें वेतनहि करारानें ठरलेलें. पकडलेल्या मालांत त्यांचा वांटा नाहीं. आज्ञापत्रांतील नियम येथें पाळला गेला आहे. पहिल्या दोन कसोट्यांस हें प्रमाणपत्र जुन्या कोणत्याहि कागदाहून चांगलें उतरतें, हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों. सशस्त्र रक्षक असलेलें जहाज सोमाली चांच्यांनीं पळवून नेलें नाहीं, असें त्या धंद्यांतील लोक अभिमानानें सांगत.

९. तिसरी कसोटी

अडचण तिसऱ्या कसोटीची. १५ फेब्रुवारी २०१२ रोजीं केरळच्या किनाऱ्यापुढें ‘एन्रिका लेक्सी’ ह्या इटालियन जहाजावरील रक्षकांनीं एका मासेमारी होडीवर गोळ्या झाडल्या. चांचे समजून ज्यांस मारलें ते दोघे गरीब कोळी होते. हे रक्षक खासगी नव्हते. इटलीच्या आरमाराचे होते. तरीहि जाब कोणीं पुसावा ह्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय लवादाकडून होण्यास इ. स. २०२० उजाडलें. खटला चालविण्याचा अधिकार इटलीचा, भरपाई मिळण्याचा हक्क भारताचा, असें ठरलें. आणि दहा कोटि रुपये भरल्यावर जून २०२१ त सर्वोच्च न्यायालयानें येथील प्रकरण मिटविलें. सरकारी शिपायाच्या बाबतींत नऊ वर्षें लागलीं, तर खासगी रक्षकाच्या बाबतींत किती लागतील ?

दुसरें प्रकरण खासगी रक्षकांचेंच आहे. ऑक्टोबर २०१३ त ‘सीमॅन गार्ड ओहायो’ हें जहाज तुतिकोरिनजवळ अडविण्यांत आलें. तें अमेरिकन कंपनीचें. निशाण सिएरा लिओनचें. माणसें निरनिराळ्या देशांचीं. आणि पोटांत बंदुका. व्यापारी जहाजांवर चढणाऱ्या रक्षकांसाठीं तें समुद्रावरील शस्त्रागार म्हणून चाले. आपले कागद बरोबर आहेत, असें त्यांचें म्हणणें. भारतीय पाण्यांत परवान्यावांचून हत्यारें आणलीं, असें आमच्या सरकारचें म्हणणें. जानेवारी २०१६ त पस्तीस जणांस पांच वर्षांची शिक्षा झाली आणि नोव्हेंबर २०१७ त उच्च न्यायालयानें सर्वांस निर्दोष सोडलें. एकाचा पास दुसऱ्यास मान्य नाहीं, ही कान्होजी व बून ह्यांची भांडणाची जागा तीनशें वर्षांनींहि तशीच होती.

चांच्यांच्या बाजूनें पाहिलें तरी हेंच. इ. स. २०११ त आमच्या आरमारानें शंभराहून अधिक सोमाली पकडून मुंबईस आणले, तेव्हां चांचेगिरीचा स्वतंत्र कायदाच आमच्याकडे नव्हता. तो इ. स. २०२२ चा. मार्च २०२४ मध्यें ‘रुएन’ ह्या जहाजावरून पकडलेले पस्तीस चांचे ‘कोलकाता’ ह्या युद्धनौकेनें मुंबईस आणून पोलिसांच्या हवालीं केले, त्यावेळीं हा कायदा हाताशीं होता. धोक्याचें तें विस्तीर्ण क्षेत्र १ जानेवारी २०२३ पासून रद्द झालें होतें. तथापि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ‘रुएन’ पळविलें गेलें, हें विसरूं नये.

तात्पर्य, प्रमाणपत्र रक्षकाची लायकी सांगतें. त्याच्या अपराधाची जबाबदारी पत्करीत नाहीं. नाव नादुरुस्त असतांना बुडाली तर नावध्यक्षानें भरून द्यावें, ही कौटिल्याची दोरी आजच्या कागदांत अजून नीट बांधलेली नाहीं. ती बांधणें हें राज्याचें काम आहे, मानकाचें नव्हे.

१०. संग्राहकांस विनंति

आमच्या विद्यार्थ्यास आम्ही आतां असें उत्तर देऊं : "बाबा, तुझ्या जहाजावरचा कागद खोटा नव्हता, परंतु अपुरा होता. त्याच्या भरंवशावर निजलास, त्यांत चूक नाहीं. किनाऱ्यावरच्या कोळ्यानें मात्र त्याच्या भरंवशावर निजावें, असें त्यांत कांहीं लिहिलेलें नव्हतें."

संग्राहकांस आमची विनंति निराळी आहे. दर्यावरील दस्तकें दुर्मिळ असण्याचें कारण उघड आहे. मूळ कागद तारवाबरोबर जाई, खाऱ्या पाण्यानें भिजे आणि खेप संपली कीं निरुपयोगी होई. उरतात त्या दप्तरांतील नकला. त्या चिटोऱ्या दिसतात म्हणून बखरी व वंशावळी शोधणारा मनुष्य त्यांस बाजूस सारतो. तसें करूं नये. असा कागद हातीं आल्यास शिक्का कोणाचा, तांडेलाचें नांव काय, तारूं कोणत्या जातीचें व किती खंडींचें, हत्यारें लिहिलीं आहेत काय, जामीन कोण, हें टिपून घ्यावें. सुहूर सन असल्यास त्यांत ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी सन ताडून पाहावा. आणि मुख्य म्हणजे कागद उलटून पाठ वाचावी. शेरे बहुधा पाठीवर असतात, आणि जामिनाचें नांव तेथें असलें, तर तिसऱ्या कसोटीचें उत्तर त्या कागदानें दिलेंच म्हणून समजावें.

किडचे दोन पास वेळीं सांपडते तर एका खटल्यांत दुसरी बाजू ऐकली जाती. आमच्या रुमालांत असे किती पास निजले असतील, तें सोडून पाहिल्यावांचून कळणार नाहीं.